मार्गी लावीन म्हणाले

१४ डिसेंबर

सकाळी डब्यात लीद, दुपारी दिल्लीचा फोन. लीद मास्तरची, म्हणजे आमच्या हत्तीची, फोन पक्षाच्या सरचिटणिसांचा.

"डॉक्टर, कोल्हापूरची जागा तुम्ही लढवावी असं आम्हाला वाटतं."

मी विचारलं, "कुठली जागा?" मला खरंच वाटलं, आमच्या वन्यजीव संस्थेच्या मागच्या कुंपणाचा वाद दिल्लीपर्यंत गेला. ते खूप हसले. मी मुरलेली आहे असा त्यांचा समज झाला असावा.

विचार करून सांगते म्हणाले. बावीस वर्षं चंदगडच्या जंगलात हत्तींच्या मागं फिरणारी बाई लोकसभेला उभी करायची, म्हणजे यांना दुसरं कुणी मिळत नसणार. एक घराणं नको म्हणालं असेल, दुसरं पलीकडे गेलं असेल. उरले मी. कोरी पाटी.

दादा-वहिनींना सांगितलं नाही. वहिनी आधीच मला लीदवाली म्हणते.

१७ डिसेंबर

नसीमाला सांगितलं. प्रयोगशाळेत, ती नळ्या धूत होती. सतरा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलोय. मी जंगलातून लीद आणायची, तिनं त्यातून हत्ती किती घाबरलाय ते शोधायचं.

"तू?" म्हणाली. "तुला अपार्टमेंटच्या मीटिंगला तोंड उघडता येत नाही."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

मग दिवाळीआधीच्या दिल्लीच्या बैठकीचं पुन्हा सांगितलं. तिला पाठ आहे ते. हत्तींच्या भ्रमणमार्गाचा नकाशा घेऊन गेले होते. कर्नाटकातून कुठून येतात, गोव्याकडे कुठून उतरतात, मधला रस्ता कुठं कुठं बुजवलाय. एका खासदारानं नकाशा उलटा धरला, पोटभर बोलला, चहा आला, विषय संपला. मी कोपऱ्यात खुर्चीवर. तज्ज्ञानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं आणि कुणी विचारलं नाही. तीन राज्यांचं भांडण, ते दिल्लीतच सुटणार. मला त्या टेबलाशी बसायचंय.

न.नं नळी उलटी करून ठेवली. "आणि या टेबलाशी कोण बसणार?"

मी पिशवी उचलून निघाले.

५ जानेवारी

चंदगड. नोकरीतली शेवटची फेरी. सोमवारी राजीनामा.

मास्तर दिसला. ओढ्यापलीकडे, भर उजेडात. हे नाव मी आणि न.नं ठेवलेलं. शेताच्या बांधावर असा उभा राहतो की जणू पोरांच्या वह्या तपासतोय. गावातले त्याला टस्कर म्हणतात, आणि रागात नसले की गणपती. फार वर्षांपूर्वी कळपातून एकटाच इकडे आला आणि परत गेलाच नाही. परत जायची वाट होती तिथं आता रस्ता, काजूचे कारखाने, कुंपणं. अडकलाय बिचारा. लोकांना वाटतं सोकावलाय.

बराच वेळ बघत बसले. त्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बावीस वर्षांत कधीच पाहिलं नाही. तरी निघताना मी त्याला हात हलवून निरोप दिला. हे न.लाही सांगणार नाही.

८ जानेवारी

राजीनामा दिला. साहेबांनी पेढे मागवले. न. रजेवर होती.

३ फेब्रुवारी

पक्षानं माझ्यामागं सर्जेराव लावून दिलेत. दुसऱ्यांच्या निवडणुका लढवण्यात हयात गेलेला माणूस. स्वतः कधी उभे राहिले नाहीत. "उभारलो की पडतोय मी, मॅडम. दुसऱ्याला उभारलं की येतोय."

आज बिद्रीकडे सभा. एकानं उठून विचारलं, उसाच्या दराचं काय? मी म्हणाले, "त्या विषयात माझा अभ्यास नाही." असा हशा पिकला की माईकवाला पण हसला. साखर कारखान्याच्या दारात उभं राहून ऊस कळत नाही म्हणणारा उमेदवार जिल्ह्याच्या इतिहासात पहिलाच असेल.

गाडीत स.रा. कपाळ धरून बसले होते. "मॅडम, अभ्यास न्हाय म्हनू नगासा. लक्ष घालतो म्हना."

"पण लक्ष घालून मला कळणार नाही."

"त्येस्नी तरी कुठं कळालंय?"

मग म्हणाले, 'बहुधा' आणि 'उपलब्ध माहितीनुसार' हे दोन शब्द निवडणूक संपेपर्यंत गिळायचे. "बहुधाला मत पडत न्हाय."

१९ फेब्रुवारी

रोज चारपाच गावं. प्रत्येक गावात जेवायचा आग्रह. पांढरा रस्सा वाटीनं नाही, तांब्यानं वाढतात. नको म्हटलं की, "अवो घ्या की, पावणं!" मग घेते. सगळे माझ्याकडे बघत असतात, पण माझ्याशी बोलत कुणी नाही. स.रा.शी बोलतात. मी गाडीवरच्या झेंड्यासारखी.

न.चा मेसेज: मास्तर उसाच्या फडात शिरला, राखणीला गेलेल्या माणसाला ढकललं. खुबा मोडलाय. जिवावर नाही. गाव खवळलंय.

मेसेजच्या शेवटी नेहमीचं 'जपून' नव्हतं. दोनदा बघितलं.

११ मार्च

चंदगडातलं तेच गाव, जिथं मास्तर फडात शिरला. इथं माझ्या ओळखीनं जाऊ, असं मीच स.रा.ना म्हणाले होते. ओळख कसली! जीपमधून उतरल्यावर एकही माणूस पुढं आला नाही.

सभा देवळासमोर. खुबा मोडलेला माणूस दत्तूमामा, त्यांची बायको पार्वतीआक्का. आक्का उठल्या, देवळात गेल्या, ताट घेऊन आल्या. ताटात बेलाचं पान आणि भंडारा.

"तोंडानं सगळीच बोलत्यात, मॅडम. तुमी बावीस वर्सं त्येच्या मागं हिंडलासा. त्यो तुमचा. मग तुमीच न्या. उचला भंडारा. टस्कर नेते म्हना."

इकडे भंडारा उचलला की संपलं. कोर्टातली शपथ लोक मोडतात, ही मोडत नाहीत. गावकीत, भाऊकीत, सोसायटीच्या निवडणुकीत हेच चालतं. मागं स.रा. खोकले, म्हणजे उचला.

"मी असं म्हणू शकत नाही," एवढं म्हणाले. आक्का ताट धरून तशाच उभ्या. आणि मला शब्द सुचला.

पान उचललं, भंडारा मुठीत घेतला, म्हणाले, "देवाशपथ सांगते, निवडून आले तर हत्तीचा प्रश्न मार्गी लावीन."

हलगी वाजली. बायकांनी ओवाळलं. आक्कांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला.

मार्गी. माझ्या मनात त्याचा मार्ग. जुनी वाट मोकळी करून द्यायची, मग तो आपल्या वाटेनं येईल, आपल्या वाटेनं जाईल. माझं सगळं काम एका शब्दात बसलं. गावाच्या मनात मार्गी म्हणजे मार्गी. उचलला, नेला, मिटलं.

गाडीत स.रा. म्हणाले, "मॅडम, आज तुमी पुढारी झालासा." मी हसले. मला अभिमान वाटला. खोटं न बोलता सुटले, केवढी हुशारी!

१३ मार्च

पेपरात मोठं छापलंय, 'टस्कर हटवणार, उमेदवारानं उचलला भंडारा.'

न.चा फोन. "सुधा, काय बोललीस तू?"

"मार्गी लावीन म्हणाले. मार्गी. शब्द बघ ना."

ती म्हणाली, "निबंधात असं वाक्य लिहिलं असतंस तर मी लाल पेनानं गोल केला असता. संज्ञा संदिग्ध."

"राजकारणात असं बोलावं लागतं."

"लागत असेल. पण ती बाई तुझ्या निबंधाची परीक्षक नव्हती."

ठेवला तिनं. चिडून रंकाळ्यावर गेले. तिथंही लोक फोटो काढायला आले. भेळ खायची होती, खाता आली नाही. चिडले होते कारण तिचं बरोबर होतं.

२७ मार्च

वहिनी आता मला 'आमच्या ताई' म्हणते. दादा गेली कित्येक वर्षं माझ्या कामाबद्दल विचारत नव्हता, आज विचारलं, "त्या हत्तीला कुठं सोडणार?" मी म्हणाले, सोडणार नाही, रस्ता करणार. तो म्हणाला, "हां हां, मार्गी." डोळा मारला.

घरातल्या माणसालाही दुसरा अर्थ ऐकू येत नाही.

४ मे

मतदान झालं. आक्कांच्या गावानं झाडून सगळी मतं मला टाकली म्हणे. स.रा.नी आनंदानं सांगितलं. जेवण गेलं नाही.

जून, पहिला आठवडा

निवडून आले.

दारात गुलाल, जिन्यात गुलाल, फ्रिजच्या दांड्यावर गुलाल. माणसं इतकी की माझ्याच घरात मला बसायला जागा नव्हती, भिंतीला टेकून उभी होते. दुपारी सगळे मिरवणुकीला नेऊन परत आणून सोडून गेले. मग कुणीच नाही. फरशी पुसायला घेतली. गुलाल पाण्यानं जात नाही, पसरतो.

न.ला फोन केला. उचलला नाही. तासाभरानं मेसेज: अभिनंदन. एकच शब्द, पुढं पूर्णविराम. ती मेसेजमध्ये कधी पूर्णविराम देत नाही.

१६ जुलै, दिल्ली

अतिथिगृहात खोली. सगळे वाकून नमस्कार करतात, मॅडम, माननीय, ताईजी. सुधा म्हणणारं मैलोनमैल कुणी नाही. कोल्हापुरातही आता एकच आहे, आणि ती फोन करत नाही.

आज सभागृहात भ्रमणमार्गावर बोलायला वेळ मिळाला. भाषण घासूनपुसून तयार केलं होतं. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा मी अजून प्रस्तावनेत होते. शेजारचे सदस्य म्हणाले, छान बोललात. त्यांचा डोळा लागला होता हे मी पाहिलं होतं.

तरी कबूल करते, उभी राहिले तेव्हा छातीत काहीतरी फुललं. विचारल्याशिवाय बोलले, आणि कुणी गप्प केलं नाही. घंटीपर्यंत तरी.

२१ ऑगस्ट, कोल्हापूर

ऑफिसात गर्दी. बदल्या, दाखले, रस्ते, एकाला जावयाची नोकरी. रांगेत शेवटच्या खुर्चीवर पार्वतीआक्का. पहाटेच्या एसटीनं आल्या, कुणाला नाव न सांगता बसून राहिल्या. मी आत बोलावलं.

"भंडारा उचललासा."

"हो."

"आमी शब्द पाळला."

"हो आक्का."

"त्यो अजून येतोय. परवा गोठ्याची भिंत पाडली. ह्यांस्नी उठता येत न्हाय, मी एकटी पत्र्याचा डबा बडवत बसतोय."

आणि मी म्हणाले, "काम चालू आहे."

माझ्या तोंडून! हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकलं आणि ऐकून दात खाल्ले. आक्कांनी मान हलवली. त्यांनाही हे वाक्य ओळखीचं होतं. चहा अर्धा ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "हडकलासा, मॅडम. जेवतासा न्हवं वेळेवर?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

९ सप्टेंबर

मास्तरला पकडून कायमचा छावणीत ठेवायचा प्रस्ताव दिल्लीत गेलाय. या महिन्यात बैठक. मंत्री स्थानिक खासदाराचं मत विचारणार, आणि खासदार म्हणतील तसंच होईल असं सगळे सांगतात. वीस-बावीस वर्षं ज्यासाठी कोपऱ्यात बसून कुढले, ती वेळ आली.

संस्थेतर्फे तज्ज्ञ म्हणून कोण? माझ्या जागेवर आलेली. नसीमा.

ती काय लिहिणार मला ठाऊक आहे, कारण अर्धं ते मीच लिहिलेलं आहे. या वयाचा एकटा नर साखळीत फार टिकत नाही. तो गेला तरी वाट बुजलेलीच राहणार, दुसरा येणार, तो अडकणार. हे खरं आहे. आणि आक्का डबा बडवत बसल्यात हेही खरं आहे. वाट मोकळी व्हायला जमिनी घ्याव्या लागतील, तीन सरकारं एका खोलीत यावी लागतील. तोवर मामांचा दुसरा खुबा शाबूत राहील असं मी कुठल्या आधारावर सांगू?

१२ सप्टेंबर

स.रा.नी तोडगा आणला. "मॅडम, सोप्पं हाय. तुमी म्हना, पकडा, पर तज्ज्ञ हो म्हनलं तरच. न्हाय म्हनायचं काम त्या तुमच्या मैत्रिणीवर सोडा. अडलं तर त्यांच्यामुळं अडलं. तुमचा भंडारा बी ऱ्हायला, हत्ती बी ऱ्हायला."

चोख आहे. हत्ती वाचतो, शपथ वाचते, मी वाचते. गावात मग नाव निघेल ते नसीमा मुल्ला. ते नाव घेऊन कोण काय बोलेल हे मला आजच ऐकू येतंय. स.रा.नाही ऐकू येत असणार. ते वाईट नाहीत. त्यांना फक्त मी पडू नये असं वाटतं.

मी नाही म्हणाले का? नाही म्हणाले नाही. "बघू" म्हणाले.

१५ सप्टेंबर

शेवटी मीच संस्थेत गेले. टेबल तेच, माझ्या बाजूला खोकी रचलीत. न. उठली, खुर्ची दिली. पाहुणीला देतात तशी.

"तू बैठकीत काय म्हणणार आहेस?" तिनं विचारलं.

"तू काय म्हणशील?"

"मी पकडू नका म्हणणार. लेखी. माझं सोपं आहे, मला कुणी मत दिलेलं नाही." मग म्हणाली, "सुधा, तू पकडा म्हणालीस तर मी रागावणार नाही. पण तू मला पुढं करून मागं राहिलीस तर..." तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. ती मला ओळखते एवढंच.

मला रडू आलं. तिनं पाण्याचा पेला सरकवला, आणि नळ्या धुवायला गेली. नळावरची तिची पाठ किती वर्षं बघितलीय!

मला माझं माणूस परत हवंय. एवढं साधं मागणं कुठल्या मंत्र्याकडं नेऊ?

१८ सप्टेंबर

स.रा.ना न सांगता चंदगड. ड्रायव्हरला गावाबाहेर थांबवलं आणि चालत गेले. पाऊस होताच, तिकडे तो असतोच.

आक्का भात उपसत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मार्गी म्हणाले तेव्हा माझ्या मनात न्यायचं नव्हतंच. वाट करून द्यायची होती. तुम्ही काय समजाल ते मला कळत होतं, कळूनच तो शब्द निवडला. देवासमोर.

आक्कांनी झारा खाली ठेवला. मला वाटलं आता हाकलतील.

"म्हंजे भंडाऱ्यात बी खोट?"

"हो."

"आन् ती वाट कुठनं जाती म्हनतासा?"

मी हातानं दाखवलं. त्यांच्या गोठ्याच्या मागून. नकाशात ती हिरवी रेघ आहे. इथं तुळस, शेणी, वाळत घातलेलं लुगडं.

"मग बसा हितं," आक्का म्हणाल्या. "वाट तुमी सांगतासा, तर दारात तुमी बसा. डबा देतो हातात."

खरंच आणून दिला. तेलाचा पत्र्याचा डबा आणि दांडकं. मी घेतला. आणखी काय करणार होते? ओसरीवर डबा मांडीत घेऊन बसले, भारताच्या संसदेची सदस्य. आक्का आत गेल्या, भांडी जोरजोरात आपटत होत्या. मग बाहेर येऊन एक शब्द न बोलता भात आणि माशाचं कालवण पुढ्यात ठेवलं. जेवले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

दत्तूमामा आतल्या खाटेवर. सगळं ऐकत होते. मला हाक मारली, म्हणून गेले. पाय ताठ, पांघरुणाखाली काटकी. मी म्हणाले, मामा, तुम्ही सांगा. घाव तुमचा आहे. परवा मला विचारणार आहेत.

छताकडे बघत म्हणाले, "न्यायचा तर न्या त्येला, मॅडम. पर लई लांब नगा नेऊ."

"का हो?"

"हितली सवय हाय त्येला." मग, "आमास्नी बी झालीया."

आतून आक्का ओरडल्या, "गप पडा! खुबा मोडला तरी अक्कल येत न्हाय!" पण लांबच न्या, असं त्याही म्हणाल्या नाहीत.

१९ सप्टेंबर

दुपारचं विमान. बॅग भरलेली आहे. स.रा.चे फोन येतायत, "काय ठरलं, मॅडम?" उचलत नाही.

न.ला एवढंच कळवलं, 'तुला पुढं करणार नाही. जे बोलेन ते माझ्या नावावर.' तिनं वाचलंय. उत्तर नाही.

उद्या मंत्री विचारतील आणि या वेळी मी बोलेन त्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. पकडा, किंवा पकडू नका. पकडा म्हटलं तर मास्तर जाईल. पकडू नका म्हटलं तर आक्का पुन्हा डबा घेऊन बसतील, आणि मी तिथं नसेन. सकाळपासून दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघतेय. दोन्ही खोटी वाटतात. लई लांब नको, हे मामांचं म्हणणं दोन्हींत कुठंच बसत नाही, आणि एवढ्या महिन्यांत मला पटलेलं तेवढंच आहे.